ओवरीतला हत्ती

उमापूर,
कार्तिक वद्य ७, शके १८५२

दादा,

आबा चतुर्थीला सकाळी गेले. गेवराईचे हकीमसाहेब दुसऱ्या कुणाकडे म्हणून गावात आले होते, त्यांना बोलावून आणलं. त्यांनी नाडी पाहिली, नाकापुढे सूत धरलं आणि छबुआत्याकडे बघून "सब्र करो" म्हणाले. तेव्हा आम्ही खरं मानलं. त्याआधी धुळाजी धनगर तेच सांगत होता. तो देवळापासून पळत आला होता आणि दारात उभा राहून, "पाटील बसल्या जागी थंड झालेत," असं पुन्हा पुन्हा म्हणत होता. मी त्याला म्हटलं, हळू बोल, आबांचा डोळा लागला असेल.

बिभीषणने बीडला माणूस पाठवून तुम्हाला तार केली. चुलतभाऊ असून त्या दिवशी सगळी धावपळ त्यानेच केली. तार पोचली असेल तर हे पत्र शिळी बातमी घेऊन येईल. पण तारेत गेले एवढंच मावतं, म्हणून बाकीचं लिहिते.

आबा देवळाच्या ओवरीत, गंगेच्या कडेतून जमवलेल्या त्या दगडी हाडांपाशी होते. भिंतीला टेकलेले, हातात ओलं फडकं. रोज सकाळी हाडं पुसायची त्यांची सवय तुम्हाला माहीत आहे. घरून निघताना भाकरी नको म्हणाले, दूध घेतलं. छातीत कळ आली असेल असं हकीमसाहेबांचं म्हणणं. तोंडावर त्रास दिसत नव्हता, हे आत्याने तुम्हाला मुद्दाम लिहायला सांगितलं आहे. मी तोंडाकडे फार पाहिलं नाही. पाणी तापवायचं होतं.

अग्नी बिभीषणने दिला. हैदराबादेहून तुम्ही येईपर्यंत थांबता येण्यासारखं नव्हतं. त्याने मिशा उतरवल्या आहेत, त्यामुळे तो आता ओळखू येत नाही.

काल राख सावडली. अस्थी मडक्यात घातल्या, तोंडाला फडकं बांधलं आणि रीतीप्रमाणे घराबाहेर, गोठ्यापलीकडच्या लिंबाला मडकं टांगलं. खाली कुत्री येऊ नयेत म्हणून बोराटीच्या काट्या टाकल्या. तिथून परत येताना बिभीषण म्हणाला, "दहाव्याला शहागडला गंगंवर जायचंच हाय, तवाच अस्थी सोडून टाकू."

आत्या थांबली. "पोटचा पोरगा जित्ता हाय न्हवं? मग तू कावून सोडतूस?"

"जित्ता हाय म्हंजी हैदराबादेत हाय. तिथून गंगा दिसती का?"

"दिसती का न्हाई ते तुला इचारलंय का कुनी?"

मग दोघं माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, मडकं राहू द्या, दादा येतील. पिंड बिभीषण घालील. अस्थी तुमच्यासाठी ठेवल्या आहेत.

घरी बाकी ठीक. कापसाची वेचणी सुरू आहे. काल मी कालवणात दोनदा मीठ घातलं, सगळ्यांनी ते खाल्लं, कुणी बोललं नाही.

ताराबाई वहिनींना नमस्कार.

शिवकन्या


उमापूर,
मार्गशीर्ष शुद्ध ९

दादा,

तुमचं पत्र काल डाकवाल्याने आणून दिलं. पहिल्या चार ओळी आत्याला मोठ्याने वाचून दाखवल्या. तिने डोळ्याला पदर लावला. पुढचं सगळं ओवरीतल्या हाडांविषयी होतं, ते मी मनात वाचलं. "येवढ्या लांब कागदात आनखी काय लिवलंय?" तिने विचारलं. मी सांगितलं, दादा सगळ्यांची विचारपूस करतात.

तुम्ही विचारलंत त्याची उत्तरं देते. हाडं सगळी जागेवर आहेत. आबा गेल्यापासून ओवरीला कुणी हात लावलेला नाही, थोडं सुतकामुळे, थोडं भीतीने. मोठा वाकडा सुळा मधे चिरला होता, तो आबांनी डिंक आणि चुना भरून सुतळीने आवळला आहे. पाट्याएवढे दात शाबूत आहेत, खालचा जबडाही. डोकं गंगेच्या कडेत कधी सापडलंच नाही. गुडघ्याचं हाड काळं पडलं आहे. गुडघेदुखीची माणसं इतकी वर्षं त्यावर तेल घालत आली. तुम्ही सांगितलंत तसं सोड्याच्या पाण्याने मी एक कोपरा पुसून पाहिला. तेल आत मुरलं आहे. निघायचं नाही.

नव्या अजबखान्यात जुन्या जनावरांचं दालन तुमच्या ताब्यात दिलं हे वाचून बरं वाटलं. दालन किती मोठं असतं? ओवरीएवढं का? आबांनी हेच विचारलं असतं.

"आबांनी त्या हाडांचा जो दैत्य मांडला आहे तो मोडून टाक, हाडं सुटी कर, पेंढ्यात गुंडाळून तयार ठेव," असं तुम्ही लिहिलंत. हे मी करणार नाही. हाडं तुम्ही न्या. आबांनी ती जन्मभर जमवली, धुळाजीने शेळ्यांमागे हिंडताना दाखवली, आमचं त्यावर काही म्हणणं नाही. पण मांडणी तुमच्या नजरेखालून गेल्याशिवाय मी मोडू देणार नाही. या, बघा आणि तुमच्या हाताने मोडा. त्याच खेपेला अस्थी गंगेत सोडा. दोन्ही कामं एका दिवसात होतील. दुसऱ्या दिवशी परत गेलात तरी कुणी अडवणार नाही.

तेराव्याला भावकी जमली होती. वारसाला पागोटं बांधायची वेळ आली तेव्हा बिभीषण पुढे सरकला. आत्याने पागोट्याचं ताट आपल्याकडे ओढून घेतलं. मग बिभीषणच डोक्यावरून हात फिरवीत म्हणाला, "आत्ये, हजामत केल्यापस्नं डोस्क्याला थंडी वाजती म्हनून म्होरं झालतो. दुसरं काय न्हाई." लोक हसले. मीही हसले असेन. पागोटं त्याच ताटात झाकून ठेवलं आहे.

मडक्यावरचं फडकं वाऱ्याने ढिलं झालं होतं. ते धुळाजीने पुन्हा बांधलं.

शिवकन्या


उमापूर,
मार्गशीर्ष वद्य ५

दादा,

"तो दैत्य मी सगळ्या गावासमोर एकदा पाहिला आहे, पुन्हा पाहण्याची गरज नाही," असं तुम्ही लिहिलंत. रागाने लिहिलंत हे कळलं. त्या ओळीवर कागद फाटला आहे.

ओवरीत दैत्य नाही.

हे मी आधीच कळवलं असतं. पण राधाकिशनला लिहायचं नाही, असं आबांनी मला बजावलं होतं. "त्यो यील तवा बघंल," म्हणायचे. आता त्यांना विचारून लिहिण्याची सोय राहिली नाही.

त्या जत्रेत तुम्ही ओवरीच्या पायरीवर उभे राहिलात. गंगा अडवायला आलेला दैत्य म्हणून आबांनी हाडं माणसासारखी उताणी मांडली होती, डोक्याच्या जागी शेंदूर लावलेला धोंडा होता. तुम्ही म्हणालात, हा दैत्य नव्हे, हत्ती आहे, गंगेच्या गाळात गाडला जाऊन दगड झालेला. पाटलांनी त्याचे पुढचे पाय हात म्हणून लावले आहेत आणि सुळ्याची तलवार केली आहे. पोरं हसली. मोठी माणसं आबांकडे बघायला लागली. तुम्ही त्याच दिवशी गेलात. जाताना म्हणालात, आबा गावासमोर हत्ती म्हणतील तेव्हाच या गावचं पाणी पिईन.

पुढच्या उन्हाळ्यात लिंबागणेशला एका महंताचा मुक्काम पडला. त्यांच्याबरोबर हत्ती होता. आबांनी गाडी जोडली, धुळाजीला बरोबर घेतलं. आम्हाला सांगितलं, गणपतीला जाऊन येतो. तिथे काय झालं ते धुळाजी असं सांगतो:

"पाटलानं गनपतीकडं पाठ केली आन् हत्तीम्होरं बसलं. म्हावत म्हनला, 'क्या देखते, पाटीलसाब?' पाटील म्हनलं, 'घुटना.' म्हावताला वाटलं म्हातारा गुडघंदुखीचा हाय. त्यो म्हनला, 'हकीम के पास जाव, हाथी क्या करेगा?' पाटील म्हनलं, 'इसकू बिठाव.' त्यानं बसिवला. 'उठाव.' उठिवला. 'फिर बिठाव.' तवा म्हावत चिडला. 'ये हाथी है, तुम्हारा नौकर नै!' मंग पाटलानं आपल्या शिदोरीतला गूळ काढून हत्तीला दिला. हत्ती बिनसांगता बसला. पाटील कोळसा घिऊन गाडीच्या फळीवर त्याच्या पायाच्या रेघा वडाया लागलं. ऊन कललं तरी उठंनात. मी म्हनलं, 'पाटील, गनपतीचं दर्शन ऱ्हायलं की.' तर म्हनलं, 'ह्यो कोन हाय मंग?'"

घरी आल्यावर ती फळी त्यांनी गाडीची काढून ओवरीत नेली. गाडीवान अजून कुरकुरतो. मग पावसाळाभर त्यांनी दैत्य मोडला. हात काढून त्यांचे पुढचे पाय केले. बाभळीचे खांब स्वतः तासले, त्यांच्या आधाराने चारी पाय उभे केले, वर आडवं लाकूड टाकून पाठीचे मणके एकामागे एक बसवले. मणके मी हातात देत होते. एक मणका बसेना, तो दोघांनी मिळून बराच वेळ फिरवून पाहिला, शेवटी तो उलटा धरला होता असं निघालं. तलवार खाली घेतली आणि जबड्यापुढे सुळा म्हणून लावली. डोक्याची जागा रिकामी सोडली. पोरं विचारायची, सोंड कुठाय? ते सांगायचे, "सोंडंला हाड नसतंय. मी चाचपून आलोय."

आणि गेल्या जत्रेत, तुम्ही उभे होतात त्याच पायरीवर उभे राहून त्यांनी गावाला सांगितलं, "पोरगं खरं बोलत हुतं. ह्यो हत्ती हाय. मी चुकलतो." मोठ्याने म्हणाले. पाठीमागच्या लोकांना ऐकू गेलं नाही म्हणून पुन्हा एकदा म्हणाले.

कुणी हसलं नाही. सारजाबाई नेहमीसारखी दैत्याच्या गुडघ्यासाठी तेलाची वाटी घेऊन आली होती. तिने विचारलं, "आवो पाटील, मंग माजा गुडघा कुठं गेला?"

"ह्यो काय. मागच्या डाव्या पायाला. त्योच हाय."

"पर आता हत्तीचा झाला की."

"आदीबी त्याचाच हुता."

तिने तेल घातलं, पण वाटीत थोडं राखून घातलं. हळूहळू लोक यायचे थांबले. बिभीषण त्यांना तोंडावर म्हणाला, "तात्या, दैत्य हुता तवर नारळ येत हुतं. हत्ती आल्यापस्नं धुळाजीच्या शेळ्याच येत्यात तेवढ्या." त्यावर आबाच सगळ्यात जास्त हसले.

एवढं झाल्यावर तुम्हाला का कळवत नाही, असं मी विचारलं होतं. म्हणाले, "मी सांगून त्यो काय बघंल? आपलं आपन बघू दे." नंतर ते रोज ओवरीत जाऊन बसायचे, रस्त्याकडे तोंड करून. ओवरीचं तोंडच रस्त्याकडे आहे, म्हणूनही असेल.

तेव्हा मांडणी आहे ती हत्तीची आहे. तुमची अट पुरी झालेली आहे. पाणी रांजणात आहे.

मडकं लिंबाला आहे.

शिवकन्या


उमापूर,
पौष शुद्ध ६

दादा,

तुमचं पत्र आणि मुन्शी करीमुद्दीन एकाच दिवशी आले. पत्र तुम्ही आठ दिवस आधी टाकलं होतं, डाक तेवढी मागे राहिली. त्यामुळे दारात हुकूम घेऊन उभा असलेला माणूस कोण, हे मला आधी मुन्शींनी सांगितलं आणि मग तुम्ही.

माझं पत्र दोनदा वाचलं असं लिहिलंत. दालन उघडण्याचा दिवस ठरला आहे, रजा मिळत नाही, म्हणून माणूस पाठवला. मांडणीचं चित्र काढून पाठव म्हणजे तुम्ही तिथे तशीच उभी कराल. मला चित्र येत नाही. मुन्शींना येतं. भला माणूस आहे. मोडण्याआधी एक दिवस नुसतं बघू द्या म्हणाले. ओवरीसमोर सतरंजीवर बसून त्यांनी शिसपेन्सिलीने हत्ती काढला. फक्त हाडं काढली होती. मी म्हटलं, खांबही काढा. ते म्हणाले, खांब तर तिथे लोखंडी मिळतील. मी म्हटलं, तरी काढा. त्यांनी काढले.

दुसऱ्या दिवशी बिभीषण ओवरीच्या पायरीवर आडवा बसला. भावकीतले चौघे पाठीशी होते.

"हुकूम हैदराबादचा आसंल, पर दैत्य उमापूरचा हाय. त्यो जायचा न्हाई."

मुन्शींनी हुकूम उलगडला, खालपासून वरपर्यंत पाहिला. "दैत्य का नाम इसमें नै है, पाटील. हाथी लिखा है."

"आसं? मंग हत्ती न्हा. दैत्य ठिवा."

लोक हसायला लागले. मुन्शीही हसले. हसल्यावर बिभीषणला पुन्हा रागावता येईना. तो उठला, आणि उठल्यावर जबडा उचलायला त्यानेच हात लावला. जड आहे तो. "तात्यानं ह्यो एकट्यानं कसा फिरविला आसंल बे?" असं धुळाजीला विचारत होता.

मोडायला वेळ लागला नाही. मणके पेंढ्यात, दात गोधडीत, सुळा बैलगाडीच्या लांबीचा म्हणून त्याला वेगळी गाडी. मागचा डावा पाय काढायला घेतला तेव्हा सारजाबाई काठी टेकत आली. तिला कुणी कळवलं होतं कुणास ठाऊक. तिने वाटी उपडी केली, सगळं तेल घातलं. मुन्शींच्या माणसाने हात पुढे केला होता, मुन्शी म्हणाले, "डालने दो." नंतर ते हाड बांधताना त्याच्या हाताला तेल लागलं, पेंढाही चिकटला. तुमच्याकडे पोचेल तेव्हा तसंच असेल. पुसू नका असं मी म्हणत नाही. निघणार नाही एवढंच.

ओवरीत आता खांब आहेत. धुळाजीच्या शेळ्या त्यांना अंग घासतात.

अस्थींविषयी तुम्ही शेवटी लिहिलंत: "बिभीषणच्या हातून सोडा, माझी हरकत नाही. एवढ्यासाठी खोळंबू नका." ही ओळ मी आत्याला वाचून दाखवली नाही. मुन्शी गाड्या दुरुस्त करायला थांबले आहेत, दशमीला निघतील. तोवर मी विचार करते.

शिवकन्या


उमापूर,
पौष शुद्ध १०

दादा,

गाड्या सकाळी जालन्याच्या रस्त्याला लागल्या. शहागडला नावेतून गंगा उतरतील, जालन्याला आगगाडीत चढवतील. तुमचं सामान नीट येईल. हे पत्र डाकेच्या टांग्याने पुढे जातं आहे, म्हणजे गाड्यांच्या आधी तुमच्या हातात पडावं.

लिंबाचं मडकं काढलं आहे. ते धुळाजीबरोबर तुमच्याकडे निघालं आहे.

बिभीषणला काल संध्याकाळी सांगितलं. तो म्हणाला, "आसं कुठं आसतंय का? अस्थी गंगंकडं नेत्यात. गंगंकडनं लांब कोन नेतंय?" मी म्हटलं, कुणी नेत नाही. तो म्हणाला, "लोक काय म्हनतील?" मी म्हटलं, म्हणतील. आज गाड्या निघताना तो आला होता. धुळाजीला त्याने आपलं घोंगडं दिलं, हैदराबादेत थंडी नसते हे त्याला माहीत नसावं.

आत्याची वेगळीच तऱ्हा. "जलमभर जिल्ह्याभाईर गेला न्हाई माजा भाऊ," म्हणाली. "आता त्याला आगगाडी दावतीस व्हय गं?" आणि मग हसली आणि मग तिला बसवावं लागलं. मी तिच्याजवळ होते. मला काही झालं नाही. मला अजून काही होत नाही, हे मी आत्याला सांगितलेलं नाही.

धुळाजीला मी सगळं समजावून दिलं आहे. मडकं झोळीत, झोळी गळ्यात. जमिनीवर ठेवायचं नाही. मुक्कामाला झाडाला टांगायचं, त्याने झाडाखालीच निजायचं. छपराखाली न्यायचं नाही. यावर तो अडला.

"आक्का, आगगाडीला छप्पर आसतंय का?"

मी मुन्शींना विचारलं. ते म्हणाले, माणसांच्या डब्याला असतं, मालाच्या उघड्या डब्याला नसतं. हाडं उघड्या डब्यातूनच जायची आहेत, ताडपत्री घालून. धुळाजीला त्यात बसवायची परवानगी ते जालन्याच्या स्टेशनात मागतील. "सरकारी सामान का रखवालदार, ऐसा लिखाऊँगा," म्हणाले. काय नेतोय ते त्यांना ठाऊक आहे. मी लपवलं नाही. त्यांनी कानाच्या पाळीला हात लावला आणि विचारलं, वडिलांच्या डोक्याकडची बाजू कोणती? मी म्हटलं, आता बाजू राहिलेली नाही. तरी गाडीत ते मडक्याकडे पाय करून बसले नाहीत.

निघताना धुळाजीने आणखी एक विचारलं. बैल जुंपले होते.

"शहागडला नावंत बसल्यावर खाली गंगाच आसंल. पाटील माज्या गळ्यात. तिला वाटंल, आलं. आन् आमी तसंच पल्याड जानार. तिला काय सांगू?"

मी म्हटलं, "सांग, पोराला आणायला चाललेत."

तो बरं म्हणाला. तोंडातल्या तोंडात एकदा घोकून पाहिलं.

दादा, तुम्हाला रजा मिळत नाही, तुम्ही कामात आहात, हे मी धरून चालते. अट पुरी झाली ती तुम्ही कागदावर वाचलीत. मांडणी बघायची राहिली, तीही आता मोडली. तुम्ही येण्यासारखं इथे मी काही शिल्लक ठेवलेलं नाही. म्हणून जे होतं ते पाठवलं आहे. बिभीषणच्या हातून सोडायला माझी हरकत आहे. हे मी पहिल्यांदाच लिहिते आहे, तेव्हा ते नीट वाचा.

मडक्यासह परत निघालात की पागोटं घेऊन बिभीषण शहागडला येईल. त्याने स्वतःहून कबूल केलं आहे. घरी आधी यायचं कारण नाही, तिथेच उतरा. आत्या आणि मी तिथे असू.

गाड्या अजबखान्याशी लागतील तेव्हा मुन्शी सामान आत नेतील. धुळाजी आत येणार नाही, कारण आत छप्पर आहे. भोवती बाग आहे असं मुन्शी सांगत होते, म्हणजे झाड असेलच. तो मडकं झाडाला टांगेल आणि खाली बसेल. पहारेकरी उठवतील, लोक बघायला जमतील, तुमच्या वरचे साहेब विचारतील हा कोण. त्याला तुमच्या गावची बोली सोडून दुसरी धड येत नाही. मडकं राधाकिशनदादाशिवाय कुणाच्या हातात द्यायचं नाही, एवढं त्याला सांगितलं आहे. तुम्ही बाहेर येईपर्यंत तो बसून राहील. जन्मभर त्याने शेळ्या राखल्या आहेत. बसून राहायचं त्याला काही वाटत नाही.

शिवकन्या